न कापलेली बॅटरी

चाळणीमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता त्या गावात उरलेलं नव्हतं. चाळीस वर्षं बॅटऱ्यांत घालवलेल्या माणसाच्या शर्टाला ॲसिडचे थेंब लागून भोकं पडणारच, पण मामांच्या शर्टात कापड कमी आणि भोकंच जास्त. लग्नानंतर पहिली काही वर्षं मामी ती रफू करत बसायच्या. पुढे त्यांनी हात टेकले. "मी शर्ट शिवतेय की भोकांना काठ लावतेय, तेच कळेनासं झालंय," असं त्या गिऱ्हाइकांदेखत म्हणायच्या, आणि मामा मान खाली घालून टर्मिनलवरचा पांढरा खार खरवडत हसायचे. चाळणी हे नाव मामींनीच ठेवलेलं. गावाने त्याला फक्त मामा जोडलं.

दुकान गावाच्या टोकाला, डांबर संपतं तिथे होतं. पुढे पठारावरच्या वस्त्यांपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर नुसते दगड, आणि मध्ये दोन ओढे, पूल एकावरही नाही. सगळे त्याला वरचा रस्ता म्हणत. त्याला रस्ता म्हणणं हा बाकीच्या रस्त्यांचा अपमान होता, पण दुसरा शब्द कोणाला सुचला नव्हता. त्यावरून खाणीच्या जीपा जात, जंगलखात्याचा एक खटारा जात असे, आणि वरच्या दवाखान्याची पांढरी जीप. त्या सगळ्या गाड्यांच्या पोटात मामांनी निवडलेली बॅटरी असायची.

निवडायची त्यांची एक रीत होती. ती कोणी शिकवली नव्हती, त्या दगडांनीच शिकवली होती. पहिली गोष्ट वजन. एकाच मापाच्या दोन बॅटऱ्या समोर ठेवायच्या, त्यांच्या लेबलांवर फडकं टाकायचं आणि एकेक उचलून बघायची. जड असेल ती घ्यायची.

"प्लास्टिक काय, सगळ्यांचं सारखंच," मामा गिऱ्हाइकाला सांगायचे. "जड लागतं ते शिसं. आतल्या प्लेटा जाड असल्या की वजन वाढतं. पातळ प्लेटांची बॅटरी थंडीत झकास झटका देते, शहरातल्या गाडीला ती सोन्यासारखी. पण दगडात तिचा खुळखुळा होतो."

"पण मामा, यावर तर लिहिलंय..."

"वाचायचंच असेल तर पेपर घ्या विकत. ही उचलून बघा."

दुसरी गोष्ट फळी. परसात एक जुना कॉम्प्रेसर होता. हवा भरायच्या कामाचा तो कधीच राहिला नव्हता, पण चालू केला की असा थरथरायचा की शेजारच्या न्हाव्याला हातातला वस्तरा खाली ठेवावा लागे. मामांनी त्याच्यावर एक जाड फळी बोल्टने आवळली होती. वरच्या रस्त्यावर जाणारी प्रत्येक नवी बॅटरी आधी तीन दिवस त्या फळीवर बसायची. चौथ्या दिवशी मामा तिला ट्रकचा स्टार्टर जोडायचे. स्टार्टर जोमाने फिरला तर बॅटरी पास. तो घुटमळला तर ती परत कंपनीकडे, वर मामांच्या चार शिव्यांसकट.

आणि तिसरी गोष्ट कापणं. मेलेली बॅटरी भंगारात टाकायच्या आधी मामा ती करवतीने उघडायचे. ॲसिड काढून, पाण्याने धुऊन, झाकण चारी बाजूंनी कापून सहाही कप्पे तपासायचे. कशाने मेली ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मग डब्यावर खडूने कारण लिहायचं आणि ती मागच्या भिंतीला रांगेत लावायची. ‘पाणी आटलं.’ ‘वायर ढिली.’ ‘जादा चार्ज.’ एकीवर नुसतंच ‘मालक’ असं लिहिलं होतं, आणि तो मालक स्वतः ते वाचून खो खो हसला होता. नवं गिऱ्हाईक आलं की मामा त्याला आधी ती रांग दाखवायचे. गिऱ्हाईक निम्मं शहाणं तिथेच होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रांगेच्या शेवटी, कोपऱ्यात, पोत्याखाली एक बॅटरी मात्र अकरा महिने तशीच पडून होती. न कापलेली, वर काही न लिहिलेली. ती त्यांच्या जावयाच्या जीपमधली होती.

जावई म्हणजे दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर. कमी बोलणारा, रुंद खांद्यांचा माणूस. लेक त्याच्याबरोबर वर पठारावर दवाखान्याच्या दोन खोल्यांत राहायची. त्या वरच्या लोकांची थंडीत एक सवय होती. रात्री गाडीतली बॅटरी काढायची आणि घरात, चुलीच्या उबेला आणून ठेवायची, नाहीतर सकाळी गाडी चालू होण्याची आशाच सोडायची. रोज कोण बोल्ट सोडवत आणि आवळत बसणार? म्हणून सगळ्या ड्रायव्हरांनी लोखंडी क्लॅम्प काढून टाकून बकलाचा चामडी पट्टा बसवला होता. पट्ट्यात बॅटरी दगडागणिक उडायची. मामा या पट्ट्यांवरून सगळ्यांना शिव्या द्यायचे, आणि पट्टे मिळायचे मात्र मामांच्याच दुकानात.

दोन वर्षांपूर्वी चाक उचलताना जावयाची पाठ धरली. तेव्हापासून जड बॅटरी घेऊन रात्री चौदा पायऱ्या चढायच्या म्हणजे त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. त्याने स्वतः कधी चकार शब्द काढला नाही. लेकीनेच एकदा खाली आल्यावर सांगितलं, की तो वर येऊन बॅटरी ठेवतो आणि मग पाच मिनिटं जमिनीवर पडून राहतो, कोणाशी बोलत नाही. मामांना लेकीच्या चेहऱ्याकडे बघवेना. पुढच्या हिवाळ्याआधी जावई नवी बॅटरी न्यायला आला, तेव्हा मामांनी समोर दोन बॅटऱ्या ठेवल्या, दोन्ही उचलल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा वरच्या रस्त्यासाठी हलकी निवडली.

"ही न्या जावईबापू. पाठीला आराम पडेल."

फळीवर ती ठेवलीच नाही. जावयाला त्याच दिवशी परत जायचं होतं, हे कारण खरं होतं. पण ठेवली असती तर ती तीन दिवस टिकली नसती, हे मामांना आतून ठाऊक होतं, आणि हे कारण जास्त खरं होतं.

हिवाळा कसाबसा निभला. बर्फ वितळायच्या दिवसांत मामी चार दिवस लेकीकडे राहायला वर गेल्या. तिथे एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तपासलं आणि सांगितलं की इथे हात लावण्यासारखं काही नाही, लगेच खाली न्या. जावयाने जीप काढली. मागच्या बाकावर लेक आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या ओढ्यापाशी दाट धुकं होतं आणि पाणी चढलेलं होतं. जावई लाईट चालू ठेवून उतरला. खोल पाण्यात गाडी घालायच्या आधी इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा असतो, नाहीतर पंखा पाणी उडवून इंजिनच बंद पाडतो. त्याने पट्टा काढला, काठीने पाणी मापत ओढ्यातून जाऊन आला, चाकं टेकायला जागा कुठे आहे ते बघितलं. वीस मिनिटं गेली असतील. परत येऊन किल्ली फिरवली तर गाडी मेलेली. साधा टक्‌ असा आवाज नाही. पुढे ओढा, मागे चढ, ढकलणार तरी कुठे? खाणीचा ट्रक यायला साडेतीन तास लागले. तोवर मामी गेल्या होत्या.

खाली आल्यावर लेक बापाच्या गळ्यात पडली आणि पहिलं वाक्य बोलली ते हेच.

"त्यांनी लाईट चालू ठेवली बाबा. मी बघितलं ना, बटण बाहेर ओढलेलं होतं. बॅटरी उतरवली त्यांनी. आई माझ्या मांडीवर गेली."

मामा म्हणाले, "असेल."

एवढंच. तो एक शब्द तोंडातून गेला आणि त्यावर अकरा महिने निघाले. दुसऱ्या दिवशी जावयाने ती बॅटरी परसात आणून ठेवली, कारण मेलेल्या बॅटऱ्या तिथेच ठेवायची पद्धत होती. तो गेल्यावर मामांनी मीटर लावलं. काटा बारा पूर्णांक सहावर जाऊन उभा राहिला. म्हणजे बॅटरी भरलेली होती. लाईटमुळे उतरलेली बॅटरी असं दाखवत नाही. मुळात धडधाकट बॅटरी वीस मिनिटांच्या लाईटने उतरतच नाही, हे तर दुकानाबाहेर झाडणाऱ्या माणसालाही मामांनी कधीतरी सांगितलं असेल. काटा भरलेला दाखवतो आणि स्टार्टरला मात्र काही देत नाही, याचा अर्थ एकच. आत काहीतरी तुटलंय. मामांनी करवत हातात घेतली आणि परत खिळ्याला अडकवली. कापली असती तर लिहावं लागलं असतं.

लेक वर परत गेली नाही. नवऱ्याशी बोलणं तिने टाकलंच. दवाखान्याच्या चौकशीत तिने सांगितलं तेच कागदावर आलं: चालकाच्या निष्काळजीपणामुळे लाईट चालू राहिली. शेरा मारून त्यांनी त्यालाच परत जीपवर बसवलं, कारण त्या रस्त्यावर जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तो कोणाशी भांडला नाही. त्याला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. मामांकडे एकदा आला तेव्हा उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "मामा, मी लाईट बंद करायला हवी होती." मामा त्याच्या बुटांकडे बघत राहिले. जाताना त्याला दुकानातली एक जुनी पण जड बॅटरी बसवून दिली, तीही स्वतः बोल्टने आवळून.

आता जे सांगायचंय ते सांगायला अवघड आहे, पण खोटं कशाला बोला? त्या अकरा महिन्यांत मामा दुःखी होते, आणि त्याच वेळी थोडे सुखीही होते. लेक घरात होती. सकाळी चहाचा कप हातात यायचा. दुकानात ती डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या भरायची, गिऱ्हाइकांची वाक्यं अर्ध्यावर तोडायची, अगदी मामींसारखी. संध्याकाळी घरात दिवा आणि भांड्यांचा आवाज असायचा. तिच्या संसाराच्या राखेवर आपण हात शेकतोय हे मामांना कळत होतं, आणि तरी ते मूग गिळून बसत होते. मामींसाठी ते एकदाही रडले नव्हते. लोकांना वाटलं, म्हातारा घट्ट आहे. मामांना वाटत होतं, आपल्याला रडायचा हक्क नाही.

त्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला पांढरी जीप दुकानासमोर थांबली. लेकीने तो आवाज ओळखला. हातातली बाटली तशीच ठेवून ती मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. दार लोटलं म्हणजे बंद नव्हे. आतल्या माणसाला सगळं ऐकू येईल इतकी फट राहिली होती.

जावई आत आला. वर्षभरात माणूस चार वर्षांनी म्हातारा झाला होता. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, काउंटरवर ठेवला, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक जुना टर्मिनल ठेवला.

"तिने वकिलाकडून पाठवला होता. सही केलीय मी. आता तिची झाली की झालं."

मामांनी कागदाला हात लावला नाही. "चहा घेणार?"

"नको. परत जायचंय. दोन पेशंट आणायचेत उद्या." त्याने जीपकडे बोट केलं. "मामा, बॅटरी पाहिजे. ही जुनी आता सकाळी कुरकुरते. थंडी अजून सरली नाही."

"हो. काढून ठेवलीय."

मामांनी खरंच काढून ठेवली होती. दुकानातली सगळ्यात जड, तीन नव्हे, पाच दिवस फळीवर बसवलेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढून काउंटरखालून बाहेर आणली. जावयाने वाकून एका हाताने तिचा अंदाज घेतला आणि लगेच कमरेवर हात ठेवून सरळ झाला.

"मामा, एक विचारू? पाठदुखीने परत उचल खाल्लीय. आता वर मदतीलाही कोणी नाही." तो ओशाळल्यासारखा हसला. "गेल्या वर्षी तुम्ही दिली होती ना, हलकी? तसली असेल तर द्या. ती चांगली होती. माझ्या हातून लाईट राहिली, त्यात तिचा काय दोष?"

 मामांनी काउंटर धरला. त्या माणसाने शिव्या दिल्या असत्या, दुकान पेटवलं असतं, तरी ते सोसलं असतं. तो तर तीच बॅटरी मागत होता. वर तिचं कौतुक करत होता. उद्या दोन पेशंट घालून तो त्याच ओढ्यावर जाणार होता. समोर तो कागद होता, लेकीची सही झाली की लेक कायमची या घरात राहणार होती, आणि त्यासाठी मामांना काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. त्यात तर ते आता तरबेज झाले होते.

"तसली नाही," मामा म्हणाले.

"संपली?"

"नाही. तसली देणार नाही." मग ते मागच्या दाराकडे वळले.  "पोरी, बाहेर ये. परसात ये. तुम्हीही या, जावईबापू."

लेक दारात आली. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही. "काय झालं?"

"ये म्हणतो ना."

परसात ऊन होतं. मामा कोपऱ्यात गेले, पोतं बाजूला केलं आणि ती बॅटरी उचलून कामाच्या दगडावर ठेवली. एका हाताने उचलली. ते दोघांनीही बघितलं.

"बाबा, ही का काढताय आता?" लेक म्हणाली. "राहू दे ना ती."

 मामांनी मीटर आणलं, दोन्ही तारा टेकवल्या आणि लेकीला काटा दाखवला. वर्षभर पडून काटा थोडा खाली आला होता, पण बाराच्या वरच होता.

"उतरलेली बॅटरी अकराच्याही खाली असते. ही आणली त्या दिवशी बारा पूर्णांक सहा होती. भरलेली होती ही."

मग हातमोजे घातले. बूच काढून ॲसिड टबात ओतलं, तीनदा पाणी फिरवलं, आणि करवत घेतली. जावई पुढे झाला, "द्या, मी कापतो." मामांनी मान हलवली. झाकण कापायला अर्धा तास लागला.  न्हावी कुंपणावरून डोकावला, तिघांचे चेहरे बघून मुकाट्याने आत गेला. शेवटच्या बाजूला मामांचा हात थांबायला लागला, तरी जावयाने परत विचारलं नाही.

झाकण निघालं. मामांनी पकडीने पहिला कप्पा ओढून बघितला. धड होता. दुसरा धड. तिसऱ्याच्या प्लेटा धरून वर ओढल्या, तर त्या अलगद, काही धरून न ठेवल्यासारख्या हातात आल्या. वरच्या शिशाच्या जोडाला आडवी चीर गेली होती. तुटलेली दोन्ही टोकं घासून घासून आरशासारखी चकचकीत झाली होती.

"हे बघा," मामा म्हणाले. "हा जोड इथे तुटला. टोकं एकमेकांना टेकली की मीटर सगळं ठीक दाखवणार, लाईटसुद्धा लागणार. स्टार्टरने ओढलं की काही नाही. त्या दिवशी लाईट लावली नसती तरी हेच झालं असतं. वीस मिनिटांच्या लाईटने बॅटरी उतरत नाही. दोन तासांनीसुद्धा उतरत नाही."

लेक त्या चकचकीत टोकांकडे बघत होती. "कशाने तुटला?"

"दगडांनी. पट्ट्यात उडून उडून. प्लेटा पातळ होत्या." मामांनी हातमोजा काढला. "वरच्या रस्त्याला ही बॅटरी चालत नाही. हे मला माहीत होतं. तू म्हणालीस, ते येऊन जमिनीवर पडून राहतात. म्हणून हलकी दिली. फळीवरही ठेवली नाही. टिकणार नाही हे कळलं असतं, म्हणून ठेवली नाही."

जावई हळूच म्हणाला, "मामा, पाठ माझी होती..."

"तुम्ही मागितली नव्हती. मीच दिली."

"तुम्हाला हे कधी कळलं?" लेकीने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात हिशेबाची पावती विचारावी तसा.

"बॅटरी परसात आली त्याच दिवशी."

"मी म्हणाले, लाईट चालू होती. तुम्ही म्हणालात, असेल."

"हो."

"चौकशीत मी तेच सांगितलं. तुम्ही बाजूला बसला होतात."

"हो."

"आणि हे..." तिने पहिल्यांदा नवऱ्याकडे बोट केलं, बघितलं मात्र अजून नव्हतं, "हे वर एकटे. अकरा महिने."

मामांनी मान हलवली. सांगण्यासारखं आता एकच उरलं होतं, आणि ते त्यांनी सांगितलं. "तू घरात होतीस. मला बरं वाटत होतं."

 ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वळली आणि आत गेली. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग खाली पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा.

जावई दगडावर बसला होता. तोंडावर दोन्ही हात घेऊन. त्याचे खांदे हलत होते. वर्षभर त्याने मनातल्या मनात स्वतःच्या हाताने सासूला मारलं होतं, आणि आता कोणीतरी तो हात त्याच्यापासून सोडवून घेतला होता. मामा त्याच्या खांद्याला हात लावायला गेले आणि मध्येच थांबले. मग नेहमीच्या जागेवरून त्यांनी खडू घेतला आणि कापलेल्या डब्यावर लिहिलं. अक्षर त्यांचं कधीच चांगलं नव्हतं, त्या दिवशी मात्र मोठं आणि स्वच्छ आलं. ‘हलकी. मी दिली.’ रांगेत ती त्यांनी शेवटी लावली नाही. दुकानात शिरल्या शिरल्या दिसेल अशी पहिली लावली.

मग ते जीपपाशी गेले. बोनेट उघडलं, जुनी बॅटरी काढली, जावयाने थंडीत परत बसवलेला चामडी पट्टा कापून फेकून दिला. दुकानातून लोखंडी क्लॅम्प आणि चार बोल्ट आणले. पाच दिवस फळीवर बसलेली ती जड बॅटरी त्यांनी एकट्याने आणली, छातीशी धरून, पाय फाकवत. जावई धावत आला तर म्हणाले, "तुम्ही पाठ सांभाळा." बोल्ट आवळले, मग परत आवळले.

"आता ही रात्री काढायची नाही. जाड घोंगडं घाला वरून, बाजूने जाड पुठ्ठा लावा. सकाळी गरम पाण्याची पिशवी ठेवा पंधरा मिनिटं. होईल चालू."

"बरं, मामा."

लेक बॅग घेऊन बाहेर आली. काउंटरवरचा तो कागद तिने टर्मिनलखालून काढला. फाडला नाही. घडी करून पिशवीत टाकला. तिच्या मनात काय होतं ते मामांना कळलं नाही, जावयालाही कळलं नसावं. ती जीपच्या पुढच्या बाकावर जाऊन बसली. नवऱ्याने तिची बॅग मागे ठेवली, तेव्हा तिने वळून त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच. त्याने लगेच नजर खाली घेतली, सवयीने.

मामा खिडकीपाशी उभे होते. हातांना काळं लागलेलं, शर्टाला नेहमीसारखीच भोकं. लेकीने समोर काचेतून रस्त्याकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"आई शेवटी काय म्हणाली, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सोसणार नाही म्हणून."

मामांनी खिडकीची कड धरली.

"हे परत परत किल्ली फिरवत होते. मी ह्यांना वाटेल ते बोलत होते. आई शुद्धीवर होती. तिने माझा हात धरला. म्हणाली, त्याला ओरडू नकोस. घाबरू नका दोघं. बॅटरी तुझ्या बाबांच्या हातची आहे. होईल चालू." लेकीने ओठ घट्ट मिटले, मग परत उघडले. "तीन वेळा म्हणाली, बाबा. शेवटचं ते नुसतं ओठांनीच."

  खिडकीच्या कडेवरची मामांची बोटं लेकीने एकेक करून सोडवली, हळूच, रागाने नव्हे, आणि काच वर केली.

जावयाने किल्ली फिरवली. जीप पहिल्याच फटक्यात चालू झाली.